भीमेची हद्द

इतिहासाच्या पुस्तकात सतराव्या शतकातील दख्खनचा नकाशा तुम्ही पाहिला असेल. मोगलांचा मुलूख एका रंगात, आदिलशाहीचा दुसऱ्या रंगात आणि दोन रंग जेथे भेटतात तेथे एक काळी रेषा. पुण्याच्या परिसरात ही रेषा बऱ्याच अंतरापर्यंत भीमा नदीच्या बाजूने जाते. परीक्षेत आपण ती पेन्सिलीने काढतो, दोन गुण मिळवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने इतिहासाच्या नकाशात लक्ष घालावे याचे तुम्हांला नवल वाटेल. पण नदी म्हणजे वाहते पाणी, आणि वाहते पाणी हा आमच्या विषयाचा भाग आहे. नकाशावरची ती काळी रेषा पाहिली, की काही साधे प्रश्न मनात येतात. ती रेषा नदीच्या अलीकडच्या काठावर की पलीकडच्या? वैशाखात पाणी गुडघ्याला लागत असताना ती कोणाला अडवत होती? आणि नदीनेच आपले पात्र बदलले, तर हद्द कोठे राहील? या प्रश्नांची उत्तरे शोधताना इतिहासातील एक जुने भांडणही थोडे अधिक समजते.

भांडण सोलापूरचे

बहमनी राज्य मोडून जी राज्ये निर्माण झाली, त्यांतील दोन म्हणजे अहमदनगरची (आजचे अहिल्यानगर) निजामशाही आणि विजापूरची (आजचे विजयपुरा) आदिलशाही. दोन्ही शेजारी, दोन्ही तुल्यबळ आणि मध्ये भीमा व सीना या नद्यांचा सपाट, काळ्या जमिनीचा प्रदेश. येथे उंच डोंगर नाही की घनदाट जंगल नाही. मग हद्द कोणती मानायची? ज्याच्या हाती सोलापूरचा किल्ला, त्याचा आसपासचा मुलूख, असाच हिशेब दीर्घकाळ चालला.

१५२४ मध्ये आदिलशाही घराण्यातील राजकन्येचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला. सोलापूर आपल्याला हुंड्यात मिळायचे आहे, असे निजामशहाचे म्हणणे होते. ते मिळाले नाही आणि लढाया जुंपल्या. पुढे चाळीसएक वर्षांनी उलट घडले. निजामशहाची कन्या चांदबिबी हिचा विवाह अली आदिलशहाशी झाला, तेव्हा सोलापूर हुंडा म्हणून विजापूरला मिळाले. याच सोयरिकीच्या बळावर १५६५ मध्ये दोन्ही राज्ये विजयनगरविरुद्ध एकत्र लढली. पण भांडण मिटले म्हणावे, तर १६२५ मध्ये निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने सोलापूर पुन्हा जिंकून घेतले.

शंभर वर्षे एकाच किल्ल्याभोवती भांडण फिरत राहिले याचे कारण भूमितीत आहे. किल्ला हा नकाशावरचा एक बिंदू आहे. बिंदू ताब्यात आला म्हणून रेषा ठरत नाही. किल्ल्यापासून किती कोसांपर्यंतची गावे कोणाची, हा वाद उरतोच. हद्द म्हणून कोणाला तरी जमिनीवर आखलेली रेषा हवी होती, आणि जमिनीवर आयती आखलेली रेषा म्हणजे नदी.

१६३६ चा तह

मोगलांनी १६३३ मध्ये दौलताबाद घेतले आणि निजामशाही कोलमडली. शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातील एका लहान मुलाला गादीवर बसवून ती टिकवण्याचा प्रयत्न केला. १६३६ मध्ये शहाजहान स्वतः दख्खनेत उतरला. त्याने आदिलशहाशी तह करून निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला. त्याच वर्षी माहुलीच्या किल्ल्यावर शहाजीराजांना शरण यावे लागले आणि पुढे ते आदिलशाहीच्या चाकरीत गेले.

या वाटणीत जुन्नर आणि अहमदनगर मोगलांकडे गेले. पुणे आणि चाकण आदिलशाहीकडे आले. पूर्वेकडे भीमा आणि सीना यांच्या दरम्यानचा प्रदेश व सोलापूर हेही आदिलशाहीला मिळाले. म्हणजे आपल्या भागापुरते बोलायचे, तर भीमेच्या उत्तरेला मोगल आणि दक्षिणेला आदिलशाही, अशी साधारण विभागणी झाली. पुणे शहर या हद्दीपासून एका दिवसाच्या चालीवर आले. विजापूर येथून सरळ रेषेत सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, तर आग्रा हजार किलोमीटरांहून अधिक. दोन्ही राजधान्या दूर आणि हद्द मात्र अंगणात, अशी पुण्याची स्थिती झाली. हे पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरले.

कागदावर वाटणी स्वच्छ होती. आता ती रेषा प्रत्यक्ष पाण्यात उतरून तपासून पाहू.

पाणी माणसाला केव्हा अडवते?

समजा, ६० किलोग्रॅम वस्तुमानाचा एक माणूस कमरेइतक्या, म्हणजे सुमारे १ मीटर खोल पाण्यात उभा आहे. त्याच्या शरीराचा जवळजवळ निम्मा भाग पाण्याखाली आहे. त्याचे आकारमान सुमारे ३० लिटर धरू. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तेवढ्याच पाण्याच्या वजनाइतके बल त्याला वर उचलते. म्हणून तळावर त्याचा भार सुमारे ३० किलोग्रॅमचा, म्हणजे ३०० न्यूटन एवढाच पडतो. पाय आणि तळ यांच्यातील घर्षणाचा गुणक ०.५ धरला, तर त्याला जागेवर धरून ठेवणारे घर्षण जास्तीत जास्त १५० न्यूटन होते.

आता प्रवाह त्याला किती जोराने ढकलतो ते पाहू. पाण्यासमोर आलेले त्याच्या शरीराचे क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर धरू. पाण्याची घनता दर घनमीटरला १००० किलोग्रॅम. शरीराच्या आकारावर अवलंबून असणारा गुणक १ मानला, तर

बल = ½ × घनता × क्षेत्रफळ × वेग² = १५० × वेग²

वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर बल सुमारे ३८ न्यूटन. माणूस सहज उभा राहील. वेग सेकंदाला १ मीटर झाला, की बल १५० न्यूटन, घर्षणही तेवढेच. पाय नेमके येथे सुटू लागतात. वेग सेकंदाला २ मीटर झाला, तर बल ६०० न्यूटन, म्हणजे घर्षणाच्या चौपट! पट्टीचा पोहणाराही येथे पायांवर उभा राहू शकणार नाही.

आपण घेतलेले आकडे ढोबळ आहेत. पण त्यांतून मुख्य गोष्ट स्पष्ट होते. वेग दुप्पट झाला, की बल चौपट होते. त्यामुळे ‘ओलांडता येणारी नदी’ आणि ‘न ओलांडता येणारी नदी’ यांच्यातील अंतर फार थोडे असते. सकाळी ज्या उतारावरून बैलगाडी गेली, तेथे वरच्या भागात पाऊस पडल्यावर संध्याकाळी माणूसही जाऊ शकत नाही.

भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे ८६० किलोमीटर वाहून कृष्णेला मिळते. गंगेसारखा तिला हिमालयातील बर्फाचा आधार नाही. तिचे सारे पाणी पावसाचे, आणि पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर एवढाच. धरणे बांधली जाण्यापूर्वी एप्रिल-मे महिन्यांत तिच्या पात्रात ठिकठिकाणी डोह आणि त्यांना जोडणारी बारीक धार एवढेच उरत असे. म्हणजे १६३६ ची ही हद्द वर्षातून चार महिने भिंत होती आणि उरलेले बरेच महिने वाट होती.

आणखी एक गोष्ट. भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, नीरा अशा नद्या मिळत जातात तसतशी भीमा मोठी होत जाते. उगमाजवळ ती लहान असते. म्हणून ही हद्द खालच्या अंगाला जेवढी पक्की, तेवढी वर खेडकडे कच्ची होती.

एप्रिल १६५७

आता इतिहासाकडे परत येऊ. १६५७ च्या उन्हाळ्यात औरंगजेब आदिलशाहीशी लढण्यात गुंतला होता. बीदर त्याने मार्चमध्ये घेतले होते. ३० एप्रिल १६५७ च्या रात्री शिवाजीमहाराजांच्या माणसांनी दोरांच्या शिड्या लावून जुन्नरचा तट ओलांडला आणि तेथील खजिना व घोडे घेतले. त्याच सुमारास मिनाजी भोसले आणि काशी हे सरदार भीमा ओलांडून चांभारगोंदे, म्हणजे आजचे श्रीगोंदे, आणि राशीन या मोगली परगण्यांत शिरले. महाराजांचे सैन्य अहमदनगरच्या वेशीपर्यंत पोहोचले.

पुणे-चाकणकडून जुन्नरला जायचे, तर भीमा ओलांडावी लागते. आज आपण राजगुरुनगरजवळच्या पुलावरून क्षणात पलीकडे जातो. तेव्हा पूल नव्हता. पण महिना कोणता होता, ते पाहा. एप्रिलची अखेर, म्हणजे नदी वर्षातील सर्वांत अशक्त असण्याचा काळ. औरंगजेबाने चिडून आपले सरदार पाठवले. पण जूनमध्ये पावसाला सुरुवात झाली आणि मोगलांना मोहीम आवरती घ्यावी लागली.

या मोहिमेमागे राजकारण होते, धाडस होते आणि हेरांची माहितीही होती. नदीमुळेच सर्व घडले, असे म्हणणे चूक ठरेल. पण एवढे खरे, की ज्याला ही भूमी पायांखालची माहीत होती, त्याला हद्द केव्हा उघडते आणि केव्हा मिटते हेही माहीत होते. मोगल दरबारातील नकाशावर ती रेषा बाराही महिने सारखीच ठळक होती.

चहाच्या पेल्यातील नदी

हद्द ऋतूप्रमाणे बदलते हे आपण पाहिले. पण ती जागाही बदलते. हे समजून घेण्यासाठी घरी एक प्रयोग करा. काचेच्या सपाट तळाच्या पेल्यात पाणी घ्या. चहाचा चोथा स्वच्छ धुऊन त्यात चिमूटभर टाका आणि तो तळाशी बसू द्या. मग चमच्याने पाणी गोल फिरवा आणि चमचा बाहेर काढा. चोथा कोठे जमेल? गोल फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते असे आपण ऐकलेले असते. म्हणून बहुतेक जण ‘कडेला’ असे उत्तर देतात. प्रत्यक्षात चोथा तळाच्या मध्यभागी जमतो!

याचे कारण असे. फिरणाऱ्या पाण्याची पातळी कडेला चढते आणि मध्ये खचते. त्यामुळे कडेला पाण्याचा दाब अधिक असतो, आणि हा दाब पाण्याला आत ढकलून वर्तुळात फिरवत ठेवतो. तळाजवळचे पाणी मात्र काचेच्या घर्षणामुळे मंद झालेले असते. मंद फिरणाऱ्या पाण्याला वर्तुळात ठेवण्यासाठी कमी बल पुरते. पण वरच्या पाण्याने निर्माण केलेला दाब तळाशीही तेवढाच असतो. म्हणून तळाचे पाणी गरजेपेक्षा अधिक ढकलले जाऊन मध्याकडे सरकते आणि चोथ्यालाही बरोबर नेते. मध्यभागी ते वर येते आणि पृष्ठभागावरून पुन्हा कडेकडे जाते.

नदीच्या वळणावर हेच घडते, असे आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये एका लेखात दाखवून दिले. वळणावर वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळते, काठ पोखरते आणि खाली जाते. तळाचे पाणी तेथील माती-वाळू घेऊन आतल्या काठाकडे येते आणि तेथे टाकते. बाहेरचा काठ ढासळतो, आतल्या काठाला मळई तयार होते. वळण वाढत जाते. अशी वळणे वाढत वाढत कधी दोन वळणे एकमेकांना भिडतात. मग नदी मधूनच सरळ वाट काढते आणि जुने वळण नालाकृती सरोवर होऊन मागे राहते.

पंढरपूरला भीमेला चंद्रभागा म्हणतात, कारण तेथे तिचे पात्र चंद्रकोरीसारखे वळले आहे. वारकऱ्यांनी ज्या आकारावरून नाव ठेवले, त्याच आकारामागचे बल आपण पेल्यात पाहतो.

येथे एक खुलासा करायला हवा. भीमेचे खोरे कठीण बेसॉल्ट खडकाचे आहे. काठाची काळी माती ढासळते. पण खडकातून कोरलेले पात्र सहजासहजी सरकत नाही. बिहारमधील कोसी नदी गेल्या दोन-अडीच शतकांत शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेकडे सरकली आहे. भीमा तशी भटकी नाही. पण एखाद्या शेतकऱ्याचे चार एकर गिळायला आणि समोरच्याला तेवढीच मळई द्यायला शंभर किलोमीटर सरकण्याची गरज नसते.

जमीन कोणाची?

समजा, दोन राज्यांची हद्द नदीच्या मधोमध आहे आणि तुमचे शेत बाहेरच्या काठावर आहे. दरवर्षी थोडी थोडी जमीन वाहून जाते आणि समोरच्या काठाला मळई वाढते. ती मळई कोणाची? तुमची माती आहे म्हणून तुमची, की काठ समोरच्याचा म्हणून त्याची?

यासाठी देशोदेशींच्या कायद्यात एक जुना नियम आहे. पात्र हळूहळू सरकले, तर हद्दही त्याच्याबरोबर सरकते. पण एखाद्या पुरात नदीने अचानक नवे पात्र धरले, तर हद्द जुन्या, कोरड्या पात्रातच राहते. जेथे नावा चालतात तेथे दोन काठांच्या मध्यापेक्षा सर्वांत खोल धारेची रेषा हद्द मानण्याचा प्रघात आहे. म्हणजे दोघांनाही नावा चालवता येतात.

नियम सोपा वाटतो. पण ‘हळूहळू’ आणि ‘अचानक’ यांमधली सीमा कोणी ठरवायची? अमेरिका आणि मेक्सिको यांच्यामध्ये रिओ ग्रान्दे नदी हद्द आहे. १८६४ च्या पुरानंतर ती दक्षिणेकडे सरकली आणि मेक्सिकोची सुमारे ६०० एकर जमीन अमेरिकेच्या बाजूला आली. १९११ मध्ये लवादाने निर्णय दिला; तो अमेरिकेने मानला नाही. अखेर १९६३ मध्ये करार झाला. त्यानंतर दोन्ही देशांनी काय केले? नदीलाच काँक्रीटच्या पात्रात बांधून टाकले. हद्द स्थिर राहावी म्हणून नदीचे नदीपण काढून घ्यावे लागले!

तोडणारी की जोडणारी?

आता डोंगराचा विचार करू. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले पाणी एका बाजूला कोकणात आणि दुसऱ्या बाजूला देशावर उतरते. हा जलविभाजक हजारो वर्षांत फारसा हलत नाही, आणि त्याच्या कड्यावर वस्तीही विरळ असते. हद्द म्हणून तो पुष्कळ बरा.

नदीचे उलट आहे. माणसे पाण्याकडे येतात. दोन्ही काठांवर गावे वसतात, दोन्ही काठांची गुरे एकाच डोहावर येतात, पलीकडच्या गावाशी सोयरिकी होतात. सैन्यालाही पाणी लागते. मोगल सुभेदार बहादुरखानाने आपला तळ भीमेकाठी पेडगावला दिला, तोच बहादूरगड. सोलापूरचा किल्ला १६६८ मध्ये आदिलशहाने औरंगजेबाला देऊन टाकला, १६८६ मध्ये विजापूर पडले आणि भीमेवरची ही हद्द संपली. पण हद्द संपल्यावरही १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी भीमेकाठीच, मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला होती. राजे नदीला रेषा समजत होते. पण ती खरे पाहता एक पट्टा होती, आणि त्या पट्ट्यात दोन्ही बाजूंची माणसे एकत्र जगत होती.

आजही दौंडजवळ भीमा पुणे आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांची हद्द आहे. दौंडहून मनमाडकडे जाणारी गाडी पूल ओलांडते, की जिल्हा बदलतो. आणखी खाली काही अंतर ती महाराष्ट्र आणि कर्नाटक यांची हद्द होते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात तर जुने पात्र बुडून गेले आहे; जिल्ह्यांची हद्द पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि काठाचे शेतकरी गाळपेर करतात. हद्द कोठे, यापेक्षा पाणी केव्हा उतरेल, याकडे त्यांचे डोळे असतात.

राज्यांचे भांडणही आता पाण्याचे झाले आहे. कृष्णा खोऱ्यातील पाण्याच्या वाटपासाठी लवाद नेमावा लागला. बच्छावत लवादाने १९७३ मध्ये निवाडा दिला, आणि या खोऱ्याच्या पाण्याचा वाद त्यानंतरही पुन्हा लवादापुढे गेला. जमीन वाटताना नदी ही मधली रेषा होती; पाणी वाटताना नदी हीच वाटायची वस्तू झाली. रेषा एकदा काढून फाईल मिटवता येते. पाणी मात्र दरवर्षी वेगळे येते आणि दरवर्षी नव्याने वाटून घ्यावे लागते. म्हणून नदीकाठच्या शेजाऱ्यांना मोजणी शिकावी लागते आणि बोलणीही.

करून पाहा

१. चहाच्या चोथ्याचा प्रयोग करा. पाणी फिरवण्याचा वेग कमी-जास्त करून चोथा मध्यभागी जमायला किती वेळ लागतो ते मोजा.

२. भीमेचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा घेऊन पंढरपूरचे वळण शोधा. बाहेरचा काठ कोणता, आतला कोणता? वाळू कोणत्या बाजूला अधिक असावी, याचा आधी अंदाज करा आणि तिकडे जाण्याचा योग आला, तर पडताळून पाहा.

३. शिक्षकांबरोबर तुमच्या गावच्या पुलावर उभे राहा. पाण्यात उतरू नका. वाहत येणारे पान काठावरील दोन खुणांमधील अंतर किती सेकंदांत कापते ते मोजा आणि पृष्ठभागाचा वेग काढा. खोलीसह सरासरी वेग त्याच्या सुमारे ०.८५ पट असतो. मग वरच्या सूत्रात तो घालून ठरवा : आज ही नदी हद्द आहे की वाट? हेच मोजमाप मे, ऑगस्ट आणि डिसेंबर महिन्यांत करून तीन उत्तरे वहीत शेजारी शेजारी लिहा.